विचारा ताईंना : एक गोळी आणि तिच्या शेजारच्या गोळ्या

गेल्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, गोळी चालू असेल तर दुसरं कुठलंही औषध सुरू करताना सेंटरवर विचारून घ्या. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बऱ्याच जणांनी नाव लिहिलेलं नाही, फक्त स्टेशन लिहिलंय, ऐरोली, कळवा, नेरूळ, आणि ते बरोबरच आहे, नाव कोणी विचारतही नाही. मी ठाण्यात एआरटी सेंटरवर काउन्सेलर म्हणून बरीच वर्षं काढली, डॉक्टर नाहीये, त्यामुळे डोस बदलायची गोष्ट येईल तिथे मी तुम्हाला डॉक्टरांकडेच पाठवणार, पण तिथे जाऊन नेमकं काय विचारायचं ते सांगेन, कारण अर्धी गडबड तिथेच होते.

सध्या बहुतेकांना सेंटरवर जी गोळी मिळते ती टीएलडी. एका गोळीत ३ औषधं, टेनोफोविर ३०० मिलीग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०, दिवसातून एकदा, जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर घ्या. आधीची इफाविरेन्झवाली ज्यांनी घेतलीय त्यांना आठवत असेल, ती झोपतानाच घ्यायला लागायची कारण चक्कर यायची, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. ही नवीन त्या मानाने खूप सोसवते. माझ्या टेबलापुढे जी माणसं बसली त्यांच्यात या गोळीनेच बिघडलं असे कमी होते, गोळीच्या शेजारी भलतीच गोळी येऊन बसली किंवा मधे खाडे पडले आणि त्यामुळे बिघडलं, असेच जास्त. आता पत्रं एकेक करून घेते, आधी पत्र, खाली माझं उत्तर.

मी वाशीच्या भाजी मार्केटला कामाला आहे. रात्री २ ला गाड्या लागतात, घरी यायला सकाळचे ११ होतात, मग झोपतो. गोळी रात्री ९ ची आहे पण तेव्हा कधी झोपेत असतो कधी निघायची घाई. गेल्या महिन्यात ३-४ वेळा राहिली, मग दुसऱ्या दिवशी २ घेतल्या. चालतं का?

नाही दादा, दोन एकदम नाही घ्यायच्या. काल राहिलेली गोळी आज डबल घेऊन भरून निघत नाही. तुम्ही असं करा, आठवलं की लगेच घ्यायची, फक्त पुढच्या गोळीला ४ तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर राहिलेली सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. म्हणजे रात्री ९ ची राहिली आणि सकाळी ११ ला घरी आल्यावर लक्षात आलं तर तेव्हाच घ्या, रात्री ९ ची परत ठरल्याप्रमाणे. पण संध्याकाळी ६ ला आठवलं तर सोडा, ९ चीच घ्या.

पण मला विचाराल तर तुमची ९ ची वेळच चुकीची आहे. ती बहुतेक जुन्या गोळीच्या वेळेला लावून दिलेली असणार आणि तीच पुढे चालू राहिली. टीएलडीला रात्रच पाहिजे असं काही नाही, २४ तासांतून एकदा, रोज एकाच वेळी, एवढंच पाहिजे. तुमच्या दिवसात रोज न हलणारी गोष्ट कुठली, तर ११ ला घरी येणं, आंघोळ आणि जेवण. मग आंघोळीचा टॉवेल दोरीवर टाकला की गोळी, असं बांधून टाका. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ, मोबाइलला अलार्म. वेळ बदलताना एवढं बघा की दोन गोळ्यांमधलं अंतर एखादवेळी कमी झालं तर हरकत नाही, वाढू द्यायचं नाही, आणि पुढच्या भेटीत सेंटरवर सांगून बुकात, म्हणजे सेंटरच्या तुमच्या नोंदवहीत, नवीन वेळ लिहून घ्या.

महिन्याला ३-४ हे जास्त होतात हो. आम्ही ९५ टक्क्यांच्या वर धरतो, म्हणजे ३० पैकी फार तर एखादी राहिली तर चालेल. राहिलेल्या दिवसांत रक्तातलं औषध उतरतं, विषाणू परत वाढायला लागतो आणि थोड्याशा औषधात वाढलेला विषाणू त्याच औषधाला पुरून उरायला शिकतो. एकदा शिकला की मग ते औषध तुमच्यासाठी गेलं. सेंटरवर बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात तेव्हा काही जण घरी निघतानाच जादाच्या गोळ्या टाकून देतात, ओरडा बसेल म्हणून. नका करू तसं. त्या मोजणीवरूनच कळतं की वेळ बदलायला पाहिजे का.

वय ४६, लोकमान्य नगर. ८ वर्षं औषध चालू, रिपोर्ट कायम चांगले. या वेळी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, २ हजारच्या वर आला. एक गोळी चुकवलेली नाही, देवाशपथ. डॉक्टर म्हणाले नीट घेत नसाल. घरी येऊन खूप रडले. ताई माझं काय चुकलं?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मधली एक ओळ दिसली जी तुम्ही अशीच जाता जाता लिहिलीय. गेल्या वर्षी अंगावरून फार जात होतं, हिमोग्लोबिन ७ वर आलेलं, तेव्हापासून लेडी डॉक्टरांनी लोहाची गोळी आणि कॅल्शियम दिलंय आणि "सगळ्या गोळ्या सकाळी उठल्या उठल्या एकदमच घेते म्हणजे विसरत नाही". तुम्ही नीट घेताय, हे मला मान्य आहे. फक्त एकदम घेताय, आणि तिथे गोम असू शकते.

डोल्युटेग्राविरचा एक स्वभाव आहे, त्याला धातू भेटला की ते त्याला चिकटतं. लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, हे सगळे त्यात आले. पोटात ही दोघं एकत्र आली की जोडी जमून त्याचा असा गठ्ठा होतो की तो आतड्यातून रक्तात शिरतच नाही, सरळ बाहेर जातो. हे मोजून बघितलेलं आहे, उपाशीपोटी कॅल्शियमसोबत घेतली तर रक्तात पोचणारं औषध साधारण ३९ टक्क्यांनी कमी होतं, लोहासोबत ५४ टक्क्यांनी, आणि मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवाल्या अँटासिडसोबत तर ७४ टक्क्यांनी. म्हणजे तुम्ही गोळी गिळलीत, बाटलीतून कमी झाली, मोजणीत बरोबर आली, आणि तरी औषध अर्धंसुद्धा पोचलं नसेल.

मग करायचं काय. लोह-कॅल्शियम बंद अजिबात करायचं नाही, ७ चं हिमोग्लोबिन ही काही साधी गोष्ट नाही. नियम असा, टीएलडी आधी घेतली तर २ तास थांबून मग लोह-कॅल्शियम, आणि लोह-कॅल्शियम आधी घेतलं तर ६ तास थांबून मग टीएलडी. २ आणि ६, फ्रिजवर लिहून ठेवा. दुसरी एक सोय आहे, पोटभर जेवणासोबत घेतलं तर लोह किंवा कॅल्शियम आणि टीएलडी एकत्र चालतात, जेवण मधे आलं की ती चिकटाचिकटी होत नाही. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. पण तुम्हाला मी वेगवेगळंच घ्या म्हणेन, टीएलडी रात्री झोपताना आणि बाकीच्या दोन दिवसा, म्हणजे डोक्याला हिशोबच नाही.

अ‍ॅसिडिटीच्या औषधाला मात्र ती जेवणाची सवलत नाही, ते लक्षात ठेवा. जेलुसिल, डायजीन अशी जी गुलाबी-पांढरी पातळ औषधं किंवा चघळायच्या गोळ्या आहेत त्यांच्यात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं, तिथे २ आणि ६ पाळायचंच. पँटोप्राझोलसारखी सकाळी उपाशीपोटी घेतात ती अ‍ॅसिडिटीची गोळी वेगळ्या पद्धतीने काम करते, तिचा डोल्युटेग्राविरशी तंटा नाही. आणि ताकदीच्या म्हणून ज्या मल्टीव्हिटॅमिन मिळतात त्यांच्या पाकिटावर झिंक, आयर्न लिहिलेलं असतंच, त्याही याच रांगेत. दूध प्यायलं तर? घोटभर दुधाने गोळी घेतली म्हणून काही बिघडत नाही, पण साध्या पाण्याने घ्यायची सवय बरी.

आता एक मात्र प्रामाणिकपणे सांगते, व्हायरल लोड वाढायचं कारण हेच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, दुसरंही असू शकतं. म्हणून पुढच्या आठवड्यातच सेंटरवर जा, घरात आहेत त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, लोहाचं, कॅल्शियमचं, अ‍ॅसिडिटीचं, एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. तोंडी सांगू नका, ओताच. १ हजारच्या वर लोड आला की साधारण ३ महिने जास्त लक्ष देऊन, समजावून औषध देतात आणि परत तपासणी करतात, त्यानंतरच औषध बदलायचं की नाही ठरतं. तेवढ्यात हा घोळ निस्तरला आणि लोड खाली आला तर तुमची चालू गोळीच पुढे चालू राहील. आणि ते "नीट घेत नसाल" हे वाक्य, ते कुणीच कुणाला विचारपूस न करता म्हणू नये, मीही माझ्या सुरुवातीच्या वर्षांत म्हटलेलं आहे आणि त्याची मला अजून बोचणी आहे.

आम्ही दोघं पॉझिटिव्ह, दिवा. मिस्टरांना टीबी निघालाय, खोकला होता महिनाभर. प्रायव्हेट डॉक्टरांकडून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, एचआयव्हीचं तिथे सांगितलं नाही, तिथला कंपाउंडर आमच्याच चाळीतला आहे. काही होईल का?

वहिनी, हे पत्र मी सगळ्यात आधी उघडलं असतं तर फोनच केला असता, पण नंबर नाही तुमचा. म्हणून इथे ठळक लिहिते, उद्याच सेंटरवर जा, मिस्टरांना घेऊन, टीबीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन.

कारण असं, टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, तेच ज्याने लघवी केशरी-लाल होते (त्याला घाबरू नका, ते होणारच). हे रिफाम्पिसिन लिव्हरला कामाला लावतं आणि लिव्हर डोल्युटेग्राविर भराभर संपवून टाकतं, २४ तास पुरायचं ते पुरत नाही. म्हणून टीबी चालू असेपर्यंत डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, म्हणजे नेहमीची टीएलडी आणि तिच्यानंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० ची एक वेगळी गोळी. सकाळी ९ ला टीएलडी, रात्री ९ ला ही. टीबीचा कोर्स संपल्यावरही ही जादाची गोळी आणखी २ आठवडे चालू ठेवायची, कारण रिफाम्पिसिन बंद झालं तरी लिव्हरचा वेग लगेच उतरत नाही. ही गोळी सेंटरवर मिळते, फुकट, पण त्यांना टीबीचं कळलं तरच देतील ना.

आणि उलट बाजूने टीबीच्या डॉक्टरांनाही एचआयव्ही कळायला पाहिजे, त्यांनाही बऱ्याच गोष्टी त्यावरून ठरवायच्या असतात. चाळीतल्या माणसाची भीती मला समजते, ती खोटी भीती नाही. त्यावर रस्ता असा आहे की टीबीचं औषध सरकारी केंद्रातूनच घ्या, तिथे टीबी आणि एआरटी दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलतात, तुम्हाला दोन ठिकाणी दोन गोष्टी लपवायला लागत नाहीत. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे, दवाखान्यात काम करणाऱ्यालाही. कायदा आहे म्हणून चाळ गप्प बसते असं मी म्हणणार नाही, पण कुणी बोललं तर तक्रार करायला जागा आहे.

घरी एवढं बघा, मिस्टरांचे डोळे पिवळे दिसले, सारखी उलटी होतेय, जेवण नकोसंच झालंय, तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट नाही बघायची, कारण टीबीची औषधं लिव्हरला जड असतात. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग नीट कळेना झाला तरी लगेच सांगायचं. आणि तुमची स्वतःची टीबीची तपासणी राहिली असेल तर तीही तिथेच करून घ्या, एकाच घरात राहता तुम्ही.

फिटची जुनी औषधं, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, हीसुद्धा डोल्युटेग्राविरला अशीच खाऊन टाकतात, त्याबद्दल नेरूळहून एका आईने विचारलंय. ताई, तुमच्या मुलाचं फिटचं औषध स्वतःहून बंद करू नका हां, फिट आली तर जिवावर बेतेल, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, न भांडणारी दुसरी औषधं आहेत.

गोळी फुकट मिळते म्हणजे हलकी असते का? भाऊ म्हणतो प्रायव्हेटमधून चांगली घे.

हलकी नसते. टीएलडी म्हणजे तीच ३ औषधं, तेवढेच मिलीग्रॅम. आपल्याकडे सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ पासून फुकट सुरू झाली, त्याआधी लोकांनी दागिने मोडून औषध घेतलंय. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने ३ औषधांचं कॉम्बिनेशन वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा परदेशी कंपन्यांचं तसंच औषध वर्षाला १० हजार डॉलरच्या वर होतं. आज आफ्रिकेतले लाखो लोक भारतात बनलेल्या याच गोळ्यांवर आहेत. प्रायव्हेटमधून घ्यायची तर घ्या, पण थोडे दिवस इकडची थोडे दिवस तिकडची, असं नको, आणि दोन्हीकडच्या एकदम तर नकोच नको.

वय २३, कोपरखैरणे. जन्मापासून पॉझिटिव्ह आहे. दोन वेळा टार्गेट नॉट डिटेक्टेड आलं. आता बंद करून बघू का? आणि लग्न करू शकतो का?

बंद करून बघू नकोस रे बाळा. डिटेक्ट झाला नाही म्हणजे रक्तात मोजण्याइतका सापडला नाही, काही पेशींमध्ये तो झोपून असतो आणि औषध थांबलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत परत येतो. आणि तुला जर हेपॅटायटिस बी पण असेल (बुकात बघ, एचबीएसएजी लिहिलेलं असतं) तर लॅमिव्ह्युडिन आणि टेनोफोविर त्यालाही दाबून ठेवत असतात, अचानक थांबवलं तर लिव्हर भडकू शकतं.

लग्न, हो, जरूर. व्हायरल लोड दबलेला, अनडिटेक्टेबल, आणि औषध रोज चालू असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. युरोपात पार्टनर नावाच्या अभ्यासात अशा जोडप्यांना वर्षानुवर्षं बघितलं, २०१९ मध्ये त्याचा दुसरा भाग छापून आला, औषधाने लोड दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण एकही नव्हती. पण मुलीला लग्नाआधी सांगायचं, साखरपुड्याच्याही आधी. एकट्याने नको वाटलं तर दोघं सेंटरवर या, काउन्सेलर समोर बसवून सांगतात, मी अशी कितीतरी जोडपी बसवलीत आणि ज्या मुलींना समजावून सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणी हो म्हणाल्यात.

गणपतीला १० दिवस गावी जातो, चिपळूणजवळ. घर भरलेलं असतं, बाटली कुठे ठेवू? खुळखुळ वाजते. मागच्या वेळी गोळ्या काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या तर चिकटल्या. त्या मी घेतल्या, चालल्या का?

ताई, तुमच्यासारखाच करंडा एक काकू माझ्याकडे घेऊन आल्या होत्या, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. झाकण उघडलं तर पांढऱ्या लांबट गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, एका बाजूने फुगलेल्या, कडेला कुंकवाचा गुलाबी रंग चढलेला. अशा गोळ्या घेऊ नयेत, दमटपणाने खराब झालेल्या गोळीत औषध किती उरलंय सांगता येत नाही. ज्या घेतल्यात त्या घेतल्यात, पण पुढच्या व्हायरल लोडच्या वेळी हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाटलीत एक छोटी पुडी असते बघा, "खाऊ नका" लिहिलेली, ती ओलावा ओढून घेते, ती फेकायची नाही आणि झाकण घट्ट लावायचं. आपल्या ठाण्या-कोकणातल्या हवेत तर मीठ एका रात्रीत ओलं होतं, गोळीचं काय. वाजतं म्हणून बाटलीत कापूस भरू नका, कापूसच ओलावा धरून बसतो. बाटली एका सुती रुमालात गुंडाळून प्रसाधनाच्या पाऊचमध्ये ठेवा, वाजत नाही. तेही नको असेल तर मेडिकलमध्ये ७ खणांची टिचकीने बंद होणारी प्लॅस्टिकची डबी मिळते, तिच्यात ४-५ दिवसांच्याच काढा, मूळ बाटली बॅगेच्या तळाशी. खिडकीत, चुलीच्या वर, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही ठेवायची, ३० डिग्रीच्या आत राहील अशी जागा बघा, घरातलं लोखंडी कपाट बरं.

जाताना गोळ्या मोजून घ्या आणि १० दिवसांना १० नाही, १५ तरी न्या. महामार्ग तुंबतो, दरड कोसळते, गाड्या रद्द होतात, हे तुम्हाला मी काय सांगू. बुक बरोबर घ्याच, गोळ्या हरवल्या तर बुक दाखवून जवळच्या दुसऱ्या एआरटी सेंटरवर मधल्या दिवसांचं औषध मिळतं, सेंटर कुठे आहे ते १०९७ वर फोन करून कळतं, तो नंबर फुकट आहे. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना ३ महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, तुम्हाला मिळतात का विचारा. घरी आठवडाभराचा साठा कायम मागे ठेवायचा. २०२२ मध्ये गोळ्यांचा तुटवडा झाला होता, दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिससमोर पेशंट लोक धरणं धरून बसले होते, तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगते.

आणि मनातलं एक बोलू का, गावी एक तरी माणूस असा असावा ज्याला माहीत आहे. सगळ्यांना नको. एक नणंद, एक बहीण. १० दिवस रोज चोरून गिळायला लागणारी गोळी कधी ना कधी राहतेच.

वय ५८, घोडबंदर रोड. शुगर आहे, मेटफॉर्मिन दिवसाला २ हजार. गुडघे दुखतात, रोज एक दुखीची गोळी घेतो. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) १.३ आलंय. मुलगा म्हणतो एचआयव्हीची गोळीच बंद करा, किडनी जाईल. मित्र गुळवेलीचा काढा घ्या म्हणतो.

काका, मुलाची काळजी योग्य आहे पण गोळी बंद हा उपाय नाही. तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत, एकेक करून बघू.

मेटफॉर्मिन आधी. ते शरीराबाहेर जायची किडनीतली जी वाट आहे ती डोल्युटेग्राविर थोडी अडवतं, त्यामुळे तेवढीच गोळी घेतली तरी रक्तात ते जवळपास पावणेदोन पट चढतं. म्हणून टीएलडीसोबत मेटफॉर्मिन दिवसाला १ हजार मिलीग्रॅमच्या आत ठेवतात. तुमचं २ हजार आहे. स्वतःहून अर्धं करू नका कारण शुगर वाढेल, शुगरच्या डॉक्टरांना ४ दिवसांच्या आत भेटा आणि स्पष्ट विचारा की "मला डोल्युटेग्राविर चालू आहे, मेटफॉर्मिन १ हजारच्या वर चालेल का आणि कमी केलं तर दुसरं काय देणार". जुलाब, मळमळ, फार थकवा, धाप असं काही असेल तर ४ दिवसही थांबू नका. शुगरवाल्यांना बऱ्याचदा एआरटीचं माहीतच नसतं, कारण पेशंटने सांगितलेलं नसतं.

क्रिएटिनिन. डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात ते ०.१-०.२ ने वर जातं आणि तिथेच थांबतं, त्यात किडनीला काही झालेलं नसतं, फक्त क्रिएटिनिन बाहेर टाकायची वाट अडते. पण टेनोफोविर मात्र काही जणांच्या किडनीला खरंच त्रास देतं, विशेषतः वय जास्त, शुगर, बीपी असेल तर. दोन्हीतला फरक एका रिपोर्टवरून कळत नाही. म्हणून जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, लघवीची तपासणी करा, आकडा एका जागी आहे का वर वर चाललाय हे डॉक्टरांना बघू द्या. खरंच टेनोफोविरमुळे असेल तर त्याच्या जागी अबॅकाविरसारखं दुसरं देता येतं.

आणि गुडघ्याची रोजची गोळी, माझ्या मते खरी धोक्याची हीच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची असणार, मेडिकलवाला न विचारता देतो. ती टेनोफोविरच्या जोडीला रोज म्हणजे किडनीवर दोन बाजूंनी ओझं. आजपासून बंद करा, दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि गुडघ्यासाठी एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. तिथेही टेनोफोविरचं सांगा, ते हाडं थोडी विरळ करतं. कॅल्शियम लिहून दिलं तर वर लोकमान्य नगरच्या ताईंना सांगितलंय ते वाचा.

काढ्याचं, नको काका. कोविडच्या काळात मुंबईत रोज गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं इथल्याच डॉक्टरांनी नोंदवलंय, आणि तुमच्या चालू औषधांशी काढ्यातलं काय कसं वागेल हे मित्राला माहीत नाही.

तिसरा महिना लागलाय, ऐरोली. टीएलडी बाळाला चालते का? मैत्रिणीने मोबाइलवर वाचलं की बाळाच्या मणक्यात दोष येतो.

चालते, आणि बाळासाठीच ती चालू राहायला पाहिजे. मैत्रिणीने वाचलं ते २०१८ चं आहे, आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात सुरुवातीच्या आकड्यांत तशी शंका आली होती, पुढे जास्त बाळंतपणांचे आकडे आल्यावर ती टिकली नाही, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बायकांसकट सगळ्यांसाठी डोल्युटेग्राविरची शिफारस केली. आईचा लोड दबलेला असला की बाळाला लागण व्हायची शक्यता अगदी कमी होते.

तुझा घोळ होईल तो लोह-कॅल्शियमचा, कारण आता ते रोज असणार, कॅल्शियम तर दोनदा. असं लाव, सकाळी ८ ला नाश्त्यानंतर कॅल्शियम, ११ ला लोहाची लाल गोळी, दुपारी २ ला जेवणानंतर दुसरं कॅल्शियम, आणि रात्री १० ला टीएलडी. म्हणजे टीएलडीच्या आधी ६ तासांपेक्षा जास्त आणि नंतर २ तासांपेक्षा जास्त आपोआप मिळतात. उलट्या होत असतील तर सेंटरवर सांग, गोळी उलटून पडत असेल तर त्यांना कळायला हवं. व्हायरल लोड बाळंतपणाच्या आधी करून घ्यायचा, बाळंतपण हॉस्पिटलातच, आणि जिथे नाव घालशील तिथे पहिल्याच दिवशी बुक दाखव म्हणजे बाळाचं औषध आधीच तयार ठेवतील. ते बाळाला जन्मल्या जन्मल्या सुरू करायचं असतं, कळा सुरू झाल्यावर धावपळीत कुणाला सांगत बसायला नको. नवव्या महिन्याची पिशवी भरशील तेव्हा बुक आणि गोळ्यांची बाटली बाळाच्या दुपट्यांच्या वरच ठेव.